७५० वरचा उंचवटा

नमस्कार. नव्या कणांच्या शोधावर बोलायचं म्हटलं की बहुतेक वक्ते ४ जुलै २०१२ पासून सुरुवात करतात. हिग्ज बोसॉन सापडल्याची घोषणा झाली तो दिवस. मी मात्र आज न सापडलेल्या एका कणाची हकिगत सांगणार आहे. हे शोधकाम रोजच्या रोज कसं चालतं, ते हिग्जपेक्षा या हकिगतीतून जास्त नीट कळतं, असं मला मनापासून वाटतं.

जिनिव्हाजवळ, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेखाली, २७ किलोमीटर परिघाचा बोगदा आहे. त्यात लार्ज हॅड्रॉन कोलायडर प्रोटॉनचे पुंजके समोरासमोरून एकमेकांवर सोडतो. २०१५ मध्ये टकरीची ऊर्जा ८ वरून १३ टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेली होती. पुंजके सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा एकमेकांतून आरपार जातात. हे सगळं साठवायला जगात जागा नाही. म्हणून ट्रिगर नावाची यंत्रणा क्षणार्धात निवाडा करते आणि सेकंदाला साधारण हजार नोंदी ठेवून घेते. बाकीचं कायमचं गेलं. तेव्हा काय ठेवायचं, याचा विचार टक्कर होण्याच्या कितीतरी आधी करून ठेवावा लागतो.

ठेवण्याजोग्या नोंदींपैकी सर्वांत स्वच्छ नोंद असते दोन फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या दोन कणांची. टकरींतून उडालेले कण टिपणाऱ्या सीएमएस या डिटेक्टरमध्ये फोटॉन पकडायला लेड टंगस्टेटचे सुमारे ७६ हजार स्फटिक बसवले आहेत. साधारण वीतभर लांबीचा हा स्फटिक काचेसारखा पारदर्शक असतो, पण घनतेने पोलादाहून जड. फोटॉन आत शिरला की इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांचा सडा पडतो, स्फटिक किंचित उजळतो आणि त्या प्रकाशावरून फोटॉनची ऊर्जा कळते. (याच सीएमएसमध्ये चुंबकाच्या वेटोळ्याबाहेर हॅड्रॉन, म्हणजे प्रोटॉनसारखे क्वार्कचे बनलेले कण, मोजणारा एक थर आहे. तो उभारण्यात आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे.)

दोन्ही फोटॉनच्या ऊर्जा आणि त्यांच्यातला कोन कळला, की ते ज्या कणापासून निघाले असतील त्याचं वस्तुमान काढता येतं. खरोखरच एकाच प्रकारच्या कणापासून अशा जोड्या निघत असतील, तर उत्तर पुन्हा पुन्हा त्याच आकड्याच्या आसपास येतं. पण बहुसंख्य जोड्या प्रोटॉनच्या आतल्या क्वार्क-ग्लुऑन या कणांच्या नेहमीच्या प्रक्रियांमधून येतात. त्यांचे आकडे विखुरलेले असतात, आणि आलेख काढला तर वस्तुमान वाढेल तसा तो सावकाश उतरत जातो. त्या उतारावर उंचवटा दिसला, तर तिथे काहीतरी आहे. हजारात जेमतेम दोन हिग्ज दोन फोटॉनमध्ये फुटतात, तरी १२५ जीईव्हीजवळचा (जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट, कणाचं वस्तुमान याच एककात सांगतात) उंचवटा दिसला तो याच पद्धतीने.

१५ डिसेंबर २०१५ रोजी सर्नमध्ये, म्हणजे हा कोलायडर चालवणाऱ्या संस्थेत, ॲटलस आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांनी त्या वर्षीचे आलेख दाखवले. दोन्हींत ७५० जीईव्हीच्या आसपास उंचवटा होता. ॲटलसचा ३.६ सिग्मा, सीएमएसचा २.६.

हे सिग्मा म्हणजे काय? नवा कण अजिबात नाही असं धरलं, तर निव्वळ योगायोगाने एवढा उंचवटा येण्याची शक्यता किती, याचं ते माप. ५ सिग्मा म्हणजे ३५ लाखांत एक, आणि शोध जाहीर करायला तेवढं लागतं. पण इथे एक गोम आहे. नाणं दहा वेळा उडवून दहाही वेळा छापा पडणं ही हजारात एखादी घटना. या सभागृहात पाचशे जण असतील आणि प्रत्येकाने दहा-दहा वेळा नाणं उडवलं, तर कुणाला तरी तसे दहा छापे पडण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या घरात जाते. उंचवटा कुठे येणार हे आधी ठाऊक नसतं, आपण सगळा उतार चाचपत असतो. ते हिशेबात धरलं तर ॲटलसचे ३.६ सिग्मा जेमतेम २ वर येतात.

तरीही दोन वेगळे डिटेक्टर, वेगळी माणसं, वेगळं तंत्र, आणि उंचवटा जवळपास एकाच जागी! कुणीही उठून बसेल. पुढच्या काही महिन्यांत सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांनी पाचशेहून अधिक शोधनिबंध लिहिले. मला त्यात उतावीळपणा दिसत नाही. स्टँडर्ड मॉडेलच्या, म्हणजे मूलभूत कणांबद्दलच्या आजच्या मान्य सिद्धांताच्या, पलीकडची वाट इतकी वर्षं शोधणाऱ्यांनी दार किलकिलं दिसताच आत डोकावावं, हे रास्तच होतं. मार्च २०१६ मध्ये सीएमएसने आपला चुंबक बंद असताना नोंदवलेल्या टकरीही हिशेबात घेतल्या, तर उंचवटा किंचित ठळकच झाला.

या खटाटोपातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे झाकून केलेलं विश्लेषण. कोणते फोटॉन घ्यायचे, कोणते टाकायचे, उतार कोणत्या सूत्राने जुळवायचा, हे सगळं आधी पक्कं करतात, आणि उंचवटा असण्याची शक्यता असलेला भाग तोवर कुणी पाहत नाही. कारण पाहून निवड केली, तर नकळत हवं तेच निवडलं जातं. त्यात लबाडी नसते, मनाची धावच तशी असते.

५ ऑगस्ट २०१६. शिकागोच्या परिषदेत नवे आलेख पडद्यावर आले. नवी माहिती २०१५ च्या सुमारे चौपट होती, आणि ७५० जवळ सरळ उतार होता. डिटेक्टर बिघडला नव्हता, कुणाचं गणितही चुकलं नव्हतं. डिसेंबरमधला तो उंचवटा आकड्यांचा योगायोग होता.

मग हाती काय लागलं, असं मला नेहमी विचारतात. हाती मर्यादा लागल्या. दोन फोटॉनमध्ये फुटणारा अमुक वस्तुमानाचा कण असलाच, तर तो अमुक प्रमाणाहून जास्त वेळा तयार होत नाही, हे आता मोजून माहीत आहे. ज्या सिद्धांतात तो त्याहून जास्त वेळा तयार व्हायला हवा, तो सिद्धांत बाद किंवा दुरुस्तीला. जुलै २०२२ पासून टकरी १३.६ टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टला होऊ लागल्या. पुढे यंत्राची सुधारित आवृत्ती मूळ आराखड्याच्या साधारण दहापट टकरी देईल, अशी योजना आहे. त्या आलेखाचा उजवीकडचा टोकाचा भाग, जिथे आज एखाददुसरा ठिपका पडलेला दिसतो, तो तेव्हा भरू लागेल.