दोन बोल्टांमधला पत्रा

[सकाळ. नागपूर, अमरावती रोड, वाडी. ट्रकांची रांग. गॅरेजचं अर्धं उघडलेलं शटर.]

वाडीत दिवस लवकर सुरू होतो. रात्रभर चाललेले ट्रक रस्त्याच्या कडेला विसावलेले असतात, टपरीवर चहाला पहिली उकळी आलेली असते, आणि या गॅरेजात कुठल्या तरी जुन्या डिझेल गाडीचं बॉनेट उघडलेलं असतं. आज ते माझ्या गाडीचं आहे.

गाडी २०१२ सालची. एक लाख साठ हजार किलोमीटर चाललेली. चार वर्षांपूर्वी मी हिच्यात एक पत्रा बसवून घेतला होता. आज तो काढायला आलोय.

[जवळून: मिस्त्रींच्या तळहातावर पत्रा.]

हाच तो. काडेपेटीहून जरासा मोठा. दोन टोकांना बोल्टसाठी भोकं, कडा कानशीने घासलेल्या. एका बाजूची चमक अजून शाबूत आहे. दुसऱ्या बाजूला मधोमध गोल काळा डाग. चार वर्षं धूर इथवर यायचा आणि अडायचा.

गॅरेजमध्ये याला म्हणतात ईजीआर बंद करणे. ईजीआर म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. पत्रा त्याची वाट अडवतो. जुन्या डिझेल गाड्यांमध्ये हे काम सर्रास होतं, आणि करून घेणारी माणसं काही बेफिकीर नसतात. माझंच सांगतो. गाडी ओढेनाशी झाली होती. सिग्नल सुटला की काळा धूर सोडायची, मागचा स्कूटरवाला तोंड फिरवायचा. मी ती एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे व्हॉल्व्ह खोलून पाहिलाच नाही, थेट नवा टाकायला सांगितला. खर्च माझ्या महिन्याच्या घरभाड्याच्या दुप्पट. तिथून निघालो तो एका ओळखीच्या गॅरेजात गेलो. अर्ध्या तासात पत्रा बसला, गाडी पळायला लागली. मी खूश होतो.

[रेखाचित्र: इंजिन, सायलेन्सरकडे जाणारी नळी, मागे वळणारी छोटी नळी.]

आता हा व्हॉल्व्ह करतो काय, ते बघू.

आपण श्वासात घेतो त्या हवेत पाचातले जवळपास चार भाग नायट्रोजन असतो. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण इंजिनात डिझेल पेटतं तेव्हा ज्वाळेचं तापमान दोन हजार अंशांच्या आसपास जातं, आणि तिथे हा नायट्रोजनसुद्धा ऑक्सिजनशी जुळतो. त्यातून तयार होतात नायट्रोजनचे ऑक्साइड, म्हणजे नॉक्स. डिझेलच्या धुरातला हा भाग डोळ्यांना दिसत नाही.

ईजीआर व्हॉल्व्ह बाहेर निघालेल्या धुरातला थोडा वाटा परत इंजिनात सोडतो. हा वायू एकदा जळून आलेला, त्यात ऑक्सिजन कमी. तो ज्वाळेत मिसळतो आणि तिची उष्णता शोषून घेतो. चुलीतल्या निखाऱ्यावर थोडी राख ओढली की आच उतरते, तसं. आच उतरली की नॉक्स कमी.

याची किंमत मात्र इंजिन मोजतं. परत येणाऱ्या धुरात काजळी असते. दुसरीकडून ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या, पाइपातून ऑइलची वाफ येते. इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, म्हणजे मेनिफोल्डमध्ये, दोघी भेटतात आणि डांबरासारखा चिकटा तयार होतो. धंतोली ते सदर, सदर ते धंतोली, असं दोन-दोन, चार-चार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तर तो लवकर साचतो, कारण इंजिन नीट तापतच नाही.

[गॅरेज. मिस्त्री व्हॉल्व्ह खोलत आहेत. गोटी पान्याचा टकटक आवाज.]

मिस्त्रींनी बॅटरीची निगेटिव्ह तार आधीच काढून ठेवली आहे. दोन बोल्ट, एक कनेक्टर, आणि व्हॉल्व्ह हातात.

इथे बघा. ही आतली दांडी आणि ही तिची बैठक. दांडी खाली आली की बैठकीवर घट्ट बसायला हवी. ती बसत नाहीये, कारण मध्ये तांदळाच्या दाण्याएवढा कार्बनचा खडा अडकलाय. त्या एका खड्यामुळे व्हॉल्व्ह कायम किलकिला राहायचा. जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर जो धूर आत यायलाच नको, तोही यायचा. माझ्या गाडीचा काळा धूर, मेलेला पिकअप, सगळं या खड्यापाशी येऊन थांबतं.

पत्र्याची बाजू घेणारे सहसा एक गोष्ट सांगत नाहीत. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की धडधाकट ईजीआर व्हॉल्व्ह आपणहून बंद होतो. म्हणजे इंजिनाची पूर्ण ताकद तो कधी हिरावून घेतच नाही. पत्रा मारल्यावर गाडीत जी जान आल्यासारखी वाटली, ती साफ व्हॉल्व्हनेही आली असती. मला हे चार वर्षांपूर्वी कुणी सांगितलं नाही, म्हणून आज कॅमेऱ्यासमोर सांगतोय.

मी मिस्त्रींना विचारतो, "दादा, पत्र्याशिवाय नीट चालेल ना?"

"चालते नं भाऊ. काऊन नाही चालणार? फक्त साफ ठेवा लागते. पण गिऱ्हाईकाले घाई राहते. थो म्हणते, बंदच करून टाका, कटकट नको."

[पीयूसी केंद्र. सायलेन्सरमध्ये घातलेली नळी.]

पत्रा असताना माझी गाडी पीयूसीत आरामात पास व्हायची. तपासणीत लबाडी काहीच नव्हती. डिझेल गाडीच्या पीयूसीत ॲक्सिलरेटर झटक्यात दाबतात आणि धुरातून प्रकाश किती अडतो ते मोजतात. धुराच्या दाटपणाचं हे माप म्हणजे हार्ट्रिज. माझ्या गाडीसारख्या बीएस-३ (भारत स्टेज, म्हणजे प्रदूषण नियमांचा टप्पा) गाडीला मर्यादा ६५ हार्ट्रिज, बीएस-४ ला ५०. मोजतात ती काजळी. नॉक्स मोजतच नाहीत. ईजीआर बंद केला की काजळी कमी होते, नॉक्स वाढतो. कागदावर गाडी जास्त स्वच्छ दिसते.

याच अदृश्य नॉक्सवरून २०१५ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगन अमेरिकेत पकडली गेली होती. चाचणी सुरू आहे हे त्यांचं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं प्रदूषण आवरायचं. रस्त्यावर आलं की नॉक्स मर्यादेच्या ४० पटींपर्यंत. भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने गाड्या तपासल्यावर त्याच डिसेंबरात सुमारे सव्वातीन लाख गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली. तेव्हा आपण सगळे चिडलो होतो. मीही. आणि पुढे माझ्याच गाडीत मी तेच काम एका पत्र्याने करून घेतलं.

कायद्यालाही हे चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करू देत नाही, आणि कलम १८२-अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड आहे.

[दुपार. व्हरायटी चौक, सीताबर्डी. सिग्नलला थांबलेल्या दुचाकी.]

मे महिना. पारा ४५ च्या पुढे. दुचाकीवरचा जवळपास प्रत्येक चेहरा दुपट्ट्यात गुंडाळलेला. नागपूरकराचं उन्हाळ्यातलं हे चिलखत. ऊन अडतं, धूळ अडते. वायू अडत नाही. नॉक्समधला नायट्रोजन डायऑक्साइड कापडातून सरळ आत जातो आणि श्वासनळीला झोंबतो. दम्याच्या माणसाला तर फारच. शिवाय असं कडक ऊन असलं की नॉक्स आणि हवेतल्या इतर वाफा मिळून जमिनीलगत ओझोन तयार होतो. आपल्याकडे ऊन भरपूर आहे.

कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्यांपुढे माझ्या एका गाडीचं काय, असं मला कुणी म्हटलंय. चिमण्या उंच आहेत. माझा सायलेन्सर जमिनीपासून वीतभर वर आहे, आणि मागच्या स्कूटरवर पुढे उभ्या असलेल्या पोराचं नाक त्याहून फार उंच नाही.

जुन्या गाड्या आपल्याकडे जास्त असण्यालाही इतिहास आहे. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ आधी १३ शहरांत आलं. त्यात मुंबई, पुणे, सोलापूर होतं, नागपूर नव्हतं. साऱ्या देशात ते लागू व्हायला एप्रिल २०१७ उजाडलं. आणि हवेवर संशोधन करणारी नीरी ही संस्था मात्र १९५८ पासून याच शहरात आहे.

[पुन्हा गॅरेज. ब्रश, कार्ब क्लीनर, काळं पाणी.]

सफाईला दीड तास लागला. कार्ब क्लीनर मारायचा, दहा मिनिटं मुरू द्यायचा, मग जुन्या टूथब्रशने घासायचं. बैठकीवर स्क्रू-ड्रायव्हर लावायचा नाही, ओरखडा पडला की व्हॉल्व्ह पुन्हा गळतो. मोटर असलेला भाग भिजवायचा नाही. पॅकिंग नवीनच टाकायचं. शेवटी स्कॅनर लावून व्हॉल्व्हची बंद स्थिती इंजिनाच्या कॉम्प्युटरला पुन्हा शिकवायची.

"आता हे पहा," म्हणत मिस्त्री ब्रीदरचा पाइप दाखवतात. आतून ऑइलने ओला. एअर फिल्टर गच्च. एक इंजेक्टर जास्त डिझेल सोडतोय. काजळी तिथून येत होती. व्हॉल्व्ह फक्त तिचा मार खात होता. हे तिन्ही दुरुस्त केलं नसतं तर सफाई सहा महिनेही टिकली नसती.

पत्र्याच्या वेळी कॉम्प्युटरमध्ये ईजीआरची चूक दाबून टाकली होती, चेक इंजिनचा दिवा लागू नये म्हणून. तेही आज मूळ स्थितीत आणलं. गाडी सुरू केली. दिवा लागला, आणि विझला.

[संध्याकाळ. पीयूसी केंद्र.]

केंद्रावरचा पोरगा नळी घालतो, ॲक्सिलरेटर दाबायला सांगतो. तीनदा. मशीन आकडा दाखवतं. मर्यादेच्या बराच आत, पण मागच्यापेक्षा जास्त.

"दादा, मागच्या वेळी कमी होता," तो म्हणतो.

"हो, माहीत आहे," मी म्हणतो. तो प्रिंटचं बटण दाबतो.