धमनीच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या

(दृश्य: महाधमनीचा आडवा छेद, सूक्ष्मदर्शकाखाली)

विश्रांतीच्या वेळीही महाधमनीतून मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त वाहतं. तरीही तिच्या भिंतीचा बाहेरचा भाग या रक्तावर जगू शकत नाही. ऑक्सिजन पेशींमधून झिरपतो खरा, पण फार लांबवर नाही. आतला साधारण अर्धा मिलिमीटर भाग वाहत्या रक्तावर भागवतो. त्यापलीकडे रक्त पोहोचवतात त्या बाहेरच्या आवरणात पसरलेल्या अगदी बारीक वाहिन्या, वासा वासोरम.

हार्वे वोलिन्स्की आणि सेमूर ग्लागोव्ह यांनी १९६७ मध्ये वेगवेगळ्या सस्तन प्राण्यांच्या महाधमन्या तपासल्या. भिंतीच्या मधल्या थरात २९ पेक्षा जास्त पदर असले, की तिथे या वाहिन्या सापडत होत्या. उंदराच्या पातळ महाधमनीत मधला थर त्यांच्याशिवायच जगतो.

(दृश्य: बाहेरच्या आवरणातलं वाहिन्यांचं जाळं)

आता चयापचयाचा आजार पाहू. एरवी इन्सुलिन रक्तवाहिनीच्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड सोडायला लावतं आणि वाहिनी सैल होते. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं, की ही सैल होण्याची क्षमता कमी होते. त्यातच रक्तदाब वाढलेला असेल, तर ताणलेल्या भिंतीत या नाजूक वाहिन्या दबतात. म्हणजे मोठी धमनी रक्ताने भरलेली असतानाच तिची भिंत ऑक्सिजनला मुकू लागते.

दुसरीकडे आतल्या बाजूला मेद साचून भिंत जाड होत जाते. ऑक्सिजनला आणखी लांब जावं लागतं. तहानलेल्या पेशी नव्या वाहिन्यांची वाढ घडवणारी प्रथिनं सोडतात आणि बाहेरच्या जाळ्यातून नवे फाटे आतल्या प्लाकपर्यंत, म्हणजे मेदाच्या त्या थरापर्यंत शिरतात.

शरीर इथे भिंतीला वाचवायलाच धडपडत असतं. पण घाईत उगवलेले हे फाटे कच्चे असतात. त्यांना आधार देणाऱ्या पेशी अपुऱ्या, सांधे ढिले. त्यातून लाल पेशी बाहेर गळतात. लाल पेशीच्या आवरणात भरपूर कोलेस्टेरॉल असतं. ते प्लाकच्या गाभ्यात जमा होतं, हिमोग्लोबिनमधलं लोह दाह वाढवतं, आणि तो आवरायला आलेल्या पांढऱ्या पेशीही याच वाटेने आत येतात. मधुमेह असलेल्या माणसांच्या प्लाकमध्ये अशा वाहिन्या आणि असा रक्तस्राव जास्त आढळला आहे.

(दृश्य: अँजिओग्राफीची फिल्म)

नेहमीच्या अँजिओग्राफीत दिसते ती धमनीची पोकळी. भिंतीत काय चाललं आहे ते तिथे उमटत नाही. माझ्या मते रुग्णाला अहवाल समजावताना हे आवर्जून सांगायला हवं, कारण ‘ब्लॉक फारसा नाही’ एवढंच ऐकून माणूस निर्धास्त होतो.

डुकरांवरच्या प्रयोगांनी ही कहाणी आणखी मागे नेली. कोलेस्टेरॉल वाढवणारा आहार दिल्यावर हृदयाच्या धमन्यांभोवतीचं हे जाळं दाट झालं, आणि तेही आतल्या अस्तराचं काम बिघडण्याआधी. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशाच डुकरांना सिम्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध दिलं होतं. त्यांचं कोलेस्टेरॉल चढलेलंच राहिलं, पण वाहिन्यांची रचना बरीचशी निरोगी डुकरांसारखी टिकली.