सोयूझची परतीची वाट: बोल्ट उडण्याचा क्षण

आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक दर सेकंदाला सुमारे 7.7 किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरत असते. तिथून निघालेल्या रशियाच्या सोयूझ यानालाही हाच वेग असतो आणि घरी यायचे तर तो कुठेतरी सोडून द्यावा लागतो. इंधन जाळून तो संपवायचा म्हटले, तर परतीसाठी एक भलेमोठे रॉकेट सोबत न्यावे लागेल, आणि ते परवडणारे नाही. म्हणून सोयूझ आपले इंजिन जेमतेम साडेचार मिनिटे चालवते, वेग सेकंदाला साधारण 120 मीटरने कमी करते आणि उरलेले सगळे काम वातावरणावर सोपवते.

वातावरण ते काम चोख करते, पण त्याची एक अट असते. यान योग्य बाजूने आत शिरले पाहिजे. सोयूझचे तीन भाग असतात. पुढे गोलाकार कक्षीय विभाग, मध्ये अंतराळवीर बसतात ती घंटेच्या आकाराची कुपी आणि मागे इंजिन व सौरपंख असलेला सेवा विभाग. समोरची हवा दाबली जाऊन भयंकर तापते, तेव्हा ती उष्णता झेलणारे कवच कुपीच्या तळाला असते. स्वतः जळत जाऊन उष्णता बाहेर टाकायची, ही त्या कवचाची रीत. मात्र नेमका तोच तळ सेवा विभागाला जोडलेला असतो. सुमारे 140 किलोमीटर उंचीवर स्फोटक बोल्ट उडतात आणि तिन्ही भाग अलग होतात. आत बसलेल्यांना तेव्हा बाहेरून कोणी हातोडे मारत असल्यासारखे आवाज ऐकू येतात. या घडीला कॅमेऱ्यांची गर्दी नसते आणि उलटगणतीही नसते. तरीही मानवी अवकाशप्रवासातील काही सर्वांत कठीण मिनिटे याच टप्प्यावर आलेली आहेत.

सुरुवात पहिल्याच उड्डाणापासून झाली. 12 एप्रिल 1961 रोजी युरी गागारिन पृथ्वीभोवती एक फेरी मारून परतत असताना, त्यांच्या व्होस्तोक यानाची गोलाकार कुपी उपकरण विभागापासून लगेच अलग व्हायला हवी होती. त्यासाठी सुमारे दहा मिनिटे उशीर झाला आणि तेवढा वेळ यान गरगरत राहिले. गागारिन यांनी उड्डाणानंतरच्या अहवालात हे सविस्तर सांगितले, पण जगाला त्या वेळी ऐकवलेल्या कथेत त्याचा मागमूस नव्हता. व्होस्तोकची कुपी पूर्ण गोल होती, सर्व बाजूंनी कवचाने मढवलेली होती आणि तिचा वस्तुमानकेंद्र एका बाजूला ठेवलेला होता, त्यामुळे जोड सुटताच ती आपोआप योग्य दिशेला वळली. साध्या आकारानेच इथे वेळ निभावून नेली.

आठ वर्षांनी बोरिस व्होलिनोव्ह यांच्या वाट्याला याहून बिकट प्रसंग आला. जानेवारी 1969 मध्ये सोयूझ 4 आणि सोयूझ 5 ही याने कक्षेत जोडली गेली. व्होलिनोव्ह यांचे दोन सहकारी, येलिसेयेव्ह आणि ख्रुनोव्ह, अंतराळपोशाख घालून बाहेरून दुसऱ्या यानात गेले आणि 18 जानेवारीला व्होलिनोव्ह एकटेच परतीला निघाले. सेवा विभाग सुटलाच नाही. जड शेपूट तशीच राहिल्यामुळे यान उलटे, म्हणजे झाकणाची पातळ बाजू पुढे करून, वातावरणात शिरले. आसनात दाबले जाण्याऐवजी व्होलिनोव्ह पट्ट्यांवर पुढे लोटले जात होते आणि समोरच्या झाकणाच्या कडेचे रबर जळू लागल्याचा वास त्यांना येत होता. हाती लागलेल्या नोंदी तरी वाचाव्यात, म्हणून त्यांनी वहीची पाने फाडून अंगरख्यात कोंबली. अखेर उष्णतेने आणि ताणाने जोड तुटले, कुपीने गिरकी घेतली आणि कवच पुढे आले. पुढे पॅराशूटच्या दोऱ्या काही अंशी गुंतल्या, जमिनीचा दणका इतका जोरात बसला की त्यांचे दात तुटले, आणि ही हकीकत सोव्हिएत जनतेला कळायला दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला. व्होलिनोव्ह मात्र 1976 मध्ये पुन्हा अंतराळात गेले.

जून 1971 मध्ये दोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव्ह आणि पात्सायेव्ह सोयूझ 11 मधून परतत होते, तेव्हा घात वेगळ्याच बाजूने झाला. विभाग अलग झाले, पण एकामागून एक उडायचे बोल्ट एकाच वेळी उडाले. त्या हादऱ्याने हवेचा दाब समान करणारी झडप सुमारे 168 किलोमीटर उंचीवर उघडली, जी खरे तर जमिनीपासून काही किलोमीटरवर आल्यावरच उघडायची होती; कुपीतली हवा बाहेर निघून गेली. तिघांच्या अंगावर दाबरक्षक पोशाख नव्हते, कारण तीन पोशाखांना कुपीत जागाच नव्हती. कुपी ठरल्याप्रमाणे अलगद उतरली आणि शोधपथकाने झाकण उघडले तेव्हा तिघेही मृत होते. त्यानंतर प्रत्येक परतीला सोकोल हा दाबरक्षक पोशाख सक्तीचा झाला, आणि सुधारित सोयूझ टी येईपर्यंत दोघांनाच नेले जाऊ लागले. 1984 मध्ये राकेश शर्मा, मालिशेव्ह आणि स्त्रेकालोव्ह हे तिघे एकत्र उडाले, ते या सुधारणेमुळेच.

प्रश्न सुटला असे वाटत असतानाच 19 एप्रिल 2008 रोजी तो पुन्हा उद्भवला. युरी मालेन्चेन्को, पेगी व्हिटसन आणि कोरियाच्या पहिल्या अंतराळवीर यी सो-यॉन यांच्या सोयूझ टीएमए-11 चा सेवा विभाग वेळेवर सुटला नाही. तो निखळल्यावर कुपी सावरली, पण तीव्र उताराच्या मार्गाने खाली आली. तिघांनी आपल्या वजनाच्या आठपटीहून अधिक भार सोसला आणि ते नियोजित जागेच्या 400 किलोमीटरहून अधिक अलीकडे कझाकस्तानच्या मैदानात उतरले. आधीचे यानही ऑक्टोबर 2007 मध्ये असेच तीव्र मार्गाने अलीकडे उतरले होते. सलग दोनदा असे घडणे कोणालाच दुर्लक्ष करण्याजोगे वाटले नाही.

अडचण अशी होती की पुढचे यान, सोयूझ टीएमए-12, तेव्हा अवकाशस्थानकाला जोडलेले होते आणि सर्गेई व्होल्कोव्ह व ओलेग कोनोनेन्को यांना त्यातूनच परतायचे होते. 10 जुलै 2008 रोजी ते दोघे बाहेर पडले आणि स्वतःच्या यानापर्यंत सरकत गेले. त्यांनी उष्णतारोधक आवरण कापले आणि स्फोटके भरलेला, न उडालेला एक बोल्ट हाताने सोडवून काढला. फुग्यासारख्या ताठर हातमोज्यांतून पाना फिरवायचा, आणि तोही स्फोटकाभोवती, हे काम किती जपून करावे लागले असेल याची कल्पना करावी. तो बोल्ट स्फोटरोधक डब्यात बंद करून त्यांनी स्थानकात आणला. सहा तासांहून अधिक चाललेल्या या कामामुळे तपासणीसाठी एक खरा नमुना हाती आला, शिवाय तो एक जोड आता उघडाच राहणार असल्याने परतीच्या वेळी तिथे अडकण्यासारखे काही उरले नाही.

24 ऑक्टोबर 2008 रोजी व्होल्कोव्ह, कोनोनेन्को आणि रिचर्ड गॅरियट यांना घेऊन निघालेल्या टीएमए-12 चे तिन्ही विभाग वेळेवर अलग झाले आणि कुपी कझाकस्तानात ठरलेल्या क्षेत्रात उतरली.