१०६.७ वर कोणाची आवड वाजते?

(दृश्य : न्यू जर्सी टर्नपाइक या महामार्गावरची सकाळची गर्दी. गाडीतल्या रेडिओवर १०६.७ हा आकडा.)

न्यूयॉर्क शहरात आणि हडसन नदीपलीकडच्या न्यू जर्सीत १०६.७ लावलं की ‘लाइट एफएम’ लागतं. २३ जानेवारी १९८४ पासून लागतंय. एवढ्या काळात मालक बदलले, निवेदक बदलले, गाणी तर कितीदा बदलली. नाव तेवढं टिकलं. या स्टेशनची ओळख असलेला सॉफ्ट रॉक हा प्रकार ज्यांनी मुद्दाम असा कधी ऐकला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : गिटार आहे, ड्रम आहेत, पण गाणाऱ्याच्या आवाजावर त्यांची कुरघोडी नाही. चाल चटकन ओठांवर येते, शब्द कानावर स्वच्छ पडतात. कार्पेंटर्स, बॅरी मॅनिलो, नील डायमंड, लायनेल रिची, फिल कॉलिन्स ही त्यातली ठळक नावं.

जाणकारांनी या संगीताला कधी फारसा मान दिला नाही. ऐकणाऱ्यांनी मात्र डोक्यावर घेतलं. न्यूयॉर्कमध्ये रेडिओ स्टेशनांची दाटी आहे, आणि तिथे ‘लाइट एफएम’ वर्षानुवर्षं श्रोतासंख्येच्या यादीत अगदी वर, अनेकदा पहिल्याच क्रमांकावर राहिलं. डेलीच्या, म्हणजे सँडविचच्या दुकानाच्या, गल्ल्यामागे, दातांच्या दवाखान्यात, विम्याच्या ऑफिसात, टॅक्सीत. दहा माणसं एका खोलीत बसली असतील तर कोणीही उठून बंद करणार नाही, असं हे स्टेशन. आणि ही साधी गोष्ट नाही.

(दृश्य : न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं एक स्वयंपाकघर. ओट्यावरच्या कपाटाखाली बसवलेला जुना रेडिओ.)

एडिसनच्या आमच्या एका काकूंचा हा रेडिओ. काटा फिरवून स्टेशन लावायचा जमाना होता तेव्हाचा. १०६ आणि १०८ यांच्या मध्ये नेलपॉलिशचा एक लाल ठिपका दिसतोय ना, तो त्यांनीच लावलेला. मुलांनी काटा हलवला तरी जागा परत सापडावी म्हणून. काका कामावर, मुलं शाळेत, बाहेर बर्फ, आणि घरात कोणीतरी इंग्रजीत सावकाश, नीट, गोड गातंय. काकू म्हणतात की या देशातली इंग्रजी त्यांच्या कानात बसली ती या गाण्यांमुळे. पोळ्या लाटता लाटता दोन ओळी म्हणून पाहायच्या, दुसऱ्या दिवशी तेच गाणं पुन्हा लागायचं, मग चार ओळी यायच्या.

त्या पिढीला रेडिओशी बोलायची सवय होती, हेही लक्षात घ्यायला हवं. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारं उघडल्यावर जी मराठी डॉक्टर-इंजिनिअर मंडळी इकडे आली, ती रेडिओ सिलोनची ‘बिनाका गीतमाला’ आणि आकाशवाणीवरची ‘आपली आवड’ ऐकत वाढलेली. पोस्टकार्डावर गाण्याचं नाव लिहायचं, खाली घरातल्या सगळ्यांची नावं घालायची, आणि मग रेडिओला कान लावून बसायचं. गाणं लागलं नाही तरी चालेल, नाव वाचलं गेलं पाहिजे. आपलं मत विचारलं जातं, त्याची नोंद होते, ही त्यांची रेडिओबद्दलची समजूत. अमेरिकेतही ती खरी आहे का, हे शोधायला मी निघालो, आणि मला सर्वांत आधी १९८४ च्या मागे जावं लागलं.

(दृश्य : मॅनहॅटनमधलं रिव्हरसाइड चर्च, उंच मनोरा.)

ही जी १०६.७ ची लहर आहे, ती आधी या चर्चची होती. १९६१ मध्ये रिव्हरसाइड चर्चने ‘डब्ल्यूआरव्हीआर’ नावाचं स्टेशन सुरू केलं. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ ला व्हिएतनाम युद्धाविरुद्धचं आपलं भाषण केलं ते याच चर्चमध्ये. सत्तरच्या दशकात हे स्टेशन न्यूयॉर्कचं जॅझचं घर बनलं, आणि चर्चच्या हातातूनही गेलं. जॅझ जिथे मोठं झालं त्या शहरात दिवसभर जॅझ वाजवणारं व्यापारी स्टेशन. ८ सप्टेंबर १९८० च्या रात्री नव्या मालकांनी, व्हायाकॉमने, ते थांबवलं आणि कंट्री संगीत सुरू केलं.

श्रोते गप्प बसले नाहीत. त्यांनी ‘सिटिझन्स फॉर जॅझ ऑन डब्ल्यूआरव्हीआर’ नावाची संघटना उभी केली आणि स्टेशनच्या परवान्याला आव्हान दिलं. अमेरिकेत परवाने देतं फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी. लहर जनतेची आहे, मालकाला ती काही वर्षांसाठी वापरायला दिली आहे, असं तिथला कायदा सांगतो. मग जनतेने जाऊन म्हटलं की आमचं संगीत परत द्या, तर त्यात चूक काय?

याचं उत्तर वर्षभराच्या आत दुसऱ्याच खटल्यात मिळालं. न्यूयॉर्कचंच ‘डब्ल्यूएनसीएन’ हे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं स्टेशन १९७४ मध्ये एकदम रॉककडे वळलं होतं. तिथल्या श्रोत्यांनी ‘लिसनर्स गिल्ड’ स्थापन करून इतका जोर लावला की पुढच्याच वर्षी शास्त्रीय संगीत परत आलं. पण मूळ प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला : स्टेशन संगीताचा प्रकार बदलतं तेव्हा एफसीसीने श्रोत्यांचं म्हणणं तपासायला हवं की नको? मार्च १९८१ मध्ये सात विरुद्ध दोन असा निकाल लागला. तपासण्याची सक्ती नाही. कोणतं संगीत वाजावं हे बाजार ठरवेल, ही एफसीसीची भूमिका न्यायालयाने मान्य केली.

तो निकाल मी पुन्हा पुन्हा वाचला आहे, आणि मला तो आजही पटत नाही. बाजारात श्रोता गिऱ्हाईक नसतोच. रेडिओ फुकट आहे. गिऱ्हाईक आहे जाहिरातदार, आणि श्रोता म्हणजे त्याला विकला जाणारा माल. मालाचं मत बाजारात कसं उमटणार?

कंट्री संगीत चाललं नाही. जानेवारी १९८४ मध्ये त्याच लहरीवर ‘लाइट एफएम’ आलं. जॅझवाल्यांचा खटला तरीही सुरूच होता. १९८५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने, तुम्ही आक्षेप चुकीच्या कसोटीवर फेटाळलेत, असं एफसीसीला सुनावलंसुद्धा. तोवर १०६.७ वर जॅझ बंद होऊन पाच वर्षं उलटली होती. न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहराचं ‘डब्ल्यूबीजीओ’ हे सार्वजनिक स्टेशन १९७९ मध्ये सुरू झालेलं होतं. जॅझचे श्रोते तिकडे गेले, वर्गणी भरायला लागले, आणि ते स्टेशन आजही जॅझ वाजवतं. म्हणजे ‘लाइट एफएम’ची सुरुवातच मुळी श्रोत्यांचं मत बाजूला सारून मोकळ्या झालेल्या जागेवर झाली. जे त्या जागेवर प्रेमाने नांदले, त्यांना हे बहुधा ठाऊक नव्हतं.

(दृश्य : पेजरएवढं एक काळं यंत्र, कमरेच्या पट्ट्याला लावलेलं.)

आता मत मोजतात कसं, ते पाहू. पूर्वी आर्बिट्रॉन कंपनी निवडक घरांना वह्या पाठवायची. आठवडाभर काय ऐकलं ते हाताने लिहायचं. माणूस आठवून लिहितो, त्यामुळे लिहायचा तो आवडत्या स्टेशनचं नाव. वहीत प्रेमाला जागा होती. २००८ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कमध्ये वह्या गेल्या आणि हे यंत्र आलं, पोर्टेबल पीपल मीटर. स्टेशनच्या आवाजात आपल्या कानाला न जाणवणारा एक संकेत मिसळलेला असतो, तो हे यंत्र टिपतं. तुम्ही मन लावून ऐकताय की औषधाच्या दुकानात रांगेत उभे आहात, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कानावर पडलं की मोजलं. आल्या आल्याच या यंत्रावरून न्यूयॉर्क राज्याच्या अॅटर्नी जनरलनी आर्बिट्रॉनवर दावा लावला होता. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक श्रोत्यांचं प्रमाण नमुन्यात नीट धरलेलं नाही, असा आक्षेप होता. २००९ च्या जानेवारीत तडजोड झाली. २०१३ मध्ये नील्सन या प्रेक्षक-श्रोते मोजणाऱ्या कंपनीने आर्बिट्रॉनच विकत घेतली.

गाण्यांची परीक्षा आणखी वेगळी. हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये शंभरेक माणसांना पैसे देऊन बसवतात आणि एकामागून एक शेकडो गाण्यांचे तुकडे ऐकवतात. पुरं गाणं नाही, पाच-दहा सेकंदांचा ओळखीचा भाग. आवडलं, नाही आवडलं, की ऐकून ऐकून कंटाळा आला, एवढंच नोंदवायचं. ज्या गाण्यांवर कोणाचाच फारसा आक्षेप नाही ती उरतात, आणि तीच दिवसभर फिरत राहतात. असल्या स्टेशनांच्या श्रोत्यांना विचारा, पहिली तक्रार हीच असते : तीच तीच गाणी लावतात. आता कळलं ना का ते? एखाद्याचं अतिशय लाडकं आणि दुसऱ्याला न आवडणारं गाणं या चाळणीतून खाली येतच नाही.

दुसरी तक्रार वयाची, आणि माझ्या लेखी खरं दुखणं तेच आहे. जाहिरातदारांना हवे असतात २५ ते ५४ या वयाचे श्रोते. स्टेशनचे दर त्या गटावर ठरतात. याचा सरळ अर्थ असा की पंचावन्नावा वाढदिवस झाला की तुमचं ऐकणं हिशेबातून जवळजवळ गळतं. १९८४ मध्ये तिशीत असलेली बाई २००९ च्या आसपास त्या रेषेपलीकडे गेली. तिने पंचवीस वर्षं काटा हलवला नव्हता. मग स्टेशनने काय करावं? तिची गाणी हळूहळू काढावी. आधी साठच्या दशकातली गेली, मग सत्तरच्या दशकातली बरीचशी, आणि त्यांच्या जागी ऐंशी-नव्वदची आणि नंतरचीही आली. २००७ च्या जानेवारीत १०२.७ वर ‘फ्रेश’ नावाचं प्रतिस्पर्धी स्टेशन थोड्या तरुण बायकांना डोळ्यासमोर ठेवून सुरू झालं, तेव्हा ही ओढ आणखी वाढली.

न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. आज चाळिशीत असलेल्या बाईला नव्वदच्या दशकातलं गाणं तितकंच जवळचं आहे, आणि तिचाही या लहरीवर हक्क आहे. जुनं कधीच बदलू नये असं कोणी म्हणत नाही. मी ज्या ज्येष्ठांशी बोललो तेही म्हणाले नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की आम्ही अजून आहोत, अजून ऐकतोय, आणि आम्हाला कोणी विचारत नाही.

डिसेंबरचं मात्र वेगळं. नोव्हेंबरच्या मध्यापासून ‘लाइट एफएम’वर फक्त नाताळची गाणी लागतात. काही जण वैतागतात, बहुतेक जण खूश होतात, आणि स्टेशनची श्रोतासंख्या दरवर्षी उसळी घेते. या काळात सत्तरीच्या माणसाची गाणी आणि नातवंडांची गाणी एकच असतात, हे त्यामागचं साधं कारण.

(दृश्य : लोखंडी कपाट. त्यात लेबल लावलेल्या फायली.)

शेवटी पत्रांबद्दल, कारण पोस्टकार्डवाल्या पिढीचा प्रश्न तोच होता. अमेरिकेत प्रत्येक व्यापारी स्टेशनला श्रोत्यांची पत्रं, आणि पुढे ई-मेलही, फायलीत लावून ठेवणं बंधनकारक होतं. कोणीही स्टेशनवर जाऊन ती फाइल मागून वाचू शकायचं. खूपशा पत्रांवर कोणी काही केलं नसेल, पण ती तिथे होती. एखाद्या म्हाताऱ्या माणसाने वळणदार अक्षरात लिहिलेलं, की अमुक गायिका का लावत नाही, हे सरकारी नियमाने जपलं जात होतं. जानेवारी २०१७ मध्ये एफसीसीने तो नियम रद्द केला. स्टेशनांवरचं ओझं कमी करण्यासाठी, असं कारण दिलं. मला विचाराल तर श्रोत्याच्या आवाजावरचा त्या वर्षांतला सगळ्यात मोठा घाव हाच, आणि त्याची बातमी फार कोणी वाचली नाही.

मालकीही दूर गेली. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने देशभरात एका कंपनीकडे किती स्टेशनं असावीत यावरची मर्यादा उठवली. २००० मध्ये १०६.७ क्लिअर चॅनलकडे आलं, जिला आज आपण आयहार्टमीडिया म्हणून ओळखतो. २०१८ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, २०२० च्या जानेवारीत देशभर शेकडो लोकांना कामावरून कमी केलं. गावोगावच्या स्टेशनांवरचे ओळखीचे आवाज त्यात गेले. श्रोत्याने रागवायचं म्हटलं तरी फोन कोणाला करायचा, हा प्रश्नच आहे.

करण्यासारखं मात्र आहे. आजच्या एफएम लहरीवर मुख्य कार्यक्रमाशेजारी डिजिटल उपवाहिन्या चालवता येतात. तिथे जुनी गाणी लावायला जाहिरातदाराचं काही जात नाही. तेवढंही नको असेल तर रविवारी सकाळचा एक तास सत्तरच्या दशकाला द्यावा, आणि गाणं सुचवणाऱ्याचं नाव गावासकट वाचावं.

रेडिओचा परवाना आठ वर्षांचा असतो. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या स्टेशनांचं मागचं नूतनीकरण २०२२ मध्ये झालं, पुढचं २०३० मध्ये आहे. त्या वेळी कुठल्याही श्रोत्याला एफसीसीकडे आपलं म्हणणं लेखी देता येतं. गाणी बदलली एवढ्या कारणाने परवाना अडणार नाही, १९८१ च्या निकालाने ती वाट बंद केली आहे. पण आलेलं पत्र नोंदीत राहतं, आणि ते इंटरनेटवर कोणालाही वाचता येतं. एडिसन, पार्सिपनी, जर्सी सिटी इथल्या आपल्या मंडळांमधून निदान ज्येष्ठांची तरी अशी पत्रं २०३० ला जावीत. लिहून द्यायला मी मदत करीन.