घरातला व्हाळ

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी बोलणार आहे आमच्या बैठकीच्या खोलीतल्या एका ओढ्याबद्दल. तीन फुटांची काचेची टाकी आहे, तिच्यात मासे आहेत, पण निळी-गुलाबी खडी नाही आणि प्लास्टिकचा किल्लाही नाही. आपल्या मुलखातला एखादा ओढा डोळ्यांसमोर ठेवायचा, आणि त्यातले दगड, त्यातली वाळू, तिथलीच झाडं, तिथलेच मासे घरात नांदवायचे. मासे पाळणारी मंडळी याला बायोटोप म्हणतात. आम्ही घरी व्हाळ म्हणतो, ओढ्याला मालवणीत व्हाळ म्हणतात. कुडाळजवळ माझं आजोळ आहे. मामाच्या परसामागून एक व्हाळ वाहतो आणि पुढे कर्ली नदीला मिळतो. आमची टाकी त्याच्यावर बेतलेली आहे.

आधी चार कामाच्या गोष्टी सांगते.

टाकी गोल भांड्यासारखी नको, लांब हवी. माझी ३ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच आहे. त्यात साधारण १०० लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन १०० किलो झालं. तेव्हा टेबल कुठलंतरी घेऊ नका, भक्कम घ्या. तळाला जाडसर वाळू घाला, आधी पाणी स्वच्छ निघेपर्यंत तांदळासारखी धुऊन. दगड आपला काळा पाषाण, ओढ्यातला, गुळगुळीत झालेला. दगडाची शंका आली तर त्यावर लिंबू पिळा. फेस आला तर त्यात चुना आहे, तो दगड टाकीत नको. बदामाच्या झाडाची वाळलेली पानं असतात ना, लाल-तपकिरी, ती दोन-तीन टाका. पाण्याला चहासारखा फिकट रंग चढतो. झाडीतल्या ओढ्याचं पाणी असंच दिसतं, पाचोळ्यावरून आलेलं.

आणि घाई करू नका. हे मी पुन्हा सांगणार आहे, आत्ताच सांगून ठेवते, घाई करू नका. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विषारी असतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वाळूत, दगडांवर, फिल्टरच्या स्पंजात वस्तीला येतात, पण त्यांना ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर टाकी चालू ठेवायची आणि वाट बघायची. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, नळातल्या क्लोरीनने ते जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यायचा.

आता गोष्ट सांगते.

पहिल्या वर्षी मी टाकी ऑक्टोबरात लावली आणि डिसेंबरात आजोळी गेले. मामाने गुडघाभर पाण्यात उभं राहून पंचा धरला आणि मी वरून पाणी ढवळत आले. आठ मासे मिळाले. बोटाएवढे, चपळ, अंगावर निळ्या आणि पिवळसर रेघा. दुकानात यांना जायंट डॅनिओ म्हणतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लावून, झाकणाला भोकं पाडलेल्या कॅनमधून ते पुण्यात आले. आठही जिवंत होते. मी रात्रभर झोपले नव्हते, कॅन मांडीशी धरून बसले होते.

टाकीत सोडले आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. व्हाळात जे विजेसारखे चमकत होते ते इथे फिकट पडून एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभे. एक आठवडा गेला, दोन गेले. खाणं टाकलं की येत, खात, पुन्हा कोपऱ्यात. पाणी तपासलं, ठीक होतं. शेवटी मामाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "पाणी व्हावता मां?"

पाणी वाहतंय ना? वाहत नव्हतं. फिल्टरची धार मी काचेकडे वळवून ठेवली होती, पाणी शांत राहावं म्हणून. दगड व्हाळातले आणले होते, वाळू तशीच होती, पण व्हाळ वाहतो हेच मी आणलं नव्हतं. त्याच संध्याकाळी धार टाकीच्या लांबीला सरळ केली. अर्ध्या तासात आठही मासे कोपऱ्यातून बाहेर आले, धारेच्या तोंडाशी रांगेत उभे राहिले, प्रवाहाकडे तोंड करून, शेपट्या थरथरत. दोन दिवसांत रंग परतला.

मग जून आला. पुण्यात पहिला मोठा पाऊस झाला त्या दिवशी मी गच्चीवर स्वच्छ बादल्या ठेवल्या. पहिल्या अर्ध्या तासाचं पाणी फेकून दिलं, नंतरचं साठवलं आणि संध्याकाळी टाकीतलं थोडं पाणी काढून बादलीभर पावसाचं पाणी ओतलं. गार पाणी. मासे वेडे झाले हो! धारेवर झेपा घेत होते, एकमेकांचा पाठलाग करत होते. मी आनंदाने बघत बसले, मग झोपायला गेले.

रात्री टप्प असा आवाज आला. ओल्या फडक्यासारखा. काही वेळाने पुन्हा, टप्प. दिवा लावला तर टेबलाच्या पायाशी एक मासा पडलेला, कल्ले उघडझाप करत होते. हात ओले करून उचलला, पाण्यात सोडला, तो वाचला. दुसरा सकाळी कपाटामागे सापडला. तो गेला होता.

मामाला सांगितलं तर म्हणाला, "गो बाय, चढणीचे दिस आसत हे. माशे गप रवतले काय?"

कोकणातल्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको. पहिल्या पावसाचं गार, गढूळ पाणी ओढ्याला आलं की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, अंडी घालायला, शेतांच्या बांधांपर्यंत, दळ्यांपर्यंत, म्हणजे भातखाचरांपर्यंत. चढणीचे मासे ते हेच. वरच्या कोकणात याला वलगण म्हणतात. माझी टाकी चौथ्या मजल्यावर आहे. माशांना त्याचं काय! गार पाणी आलं, धार होती, म्हणजे वर चढायचं. पण टाकीच्या वर तर नुसती हवा होती.

एक गोष्ट बोलायचीच आहे, माझ्या आजोळच्या लोकांना राग आला तरी. बॅटरी आणि कोयती घेऊन चढणीचे मासे मारायला जातात, ते मी लहानपणी मामाच्या मागे जाऊन पाहिलंय, खाल्लेही आहेत. पण त्या माशांच्या पोटात पुढच्या वर्षाचे मासे असतात. पहिले आठ-दहा दिवस तरी त्यांना जाऊ द्यावं. मामा आता जात नाही.

तर पहिलं, झाकण. टाकीला झाकण हवंच, वायर जाते त्या फटीलासुद्धा जाळी हवी. पुन्हा सांगते, झाकण हवंच. दुसरं, वाहतं पाणी. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. एप्रिल-मे महिन्यांत धार पृष्ठभाग हलवेल अशी वर घ्या आणि टाकी उन्हाच्या खिडकीपासून लांब ठेवा.

मासे कुठले घ्यायचे? वर फिरणारे हे डॅनिओ. वाळूत गळ्यापर्यंत रुतून बसणारे बारीक मिशाळ लोच मासे. आणि दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारा मळ्या. या मळ्याचं शास्त्रीय नाव गारा मुल्या. साइक्स नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने दख्खनमधल्या माशांची वर्णनं १८३९ साली प्रसिद्ध केली, तेव्हा नदीकाठच्या लोकांच्या तोंडची नावं त्याने तशीच लॅटिनमध्ये नेली. मुल्या, नुक्ता, कोलुस. जगभरच्या ग्रंथांत ती आजही आहेत, आणि आपल्या मुलांना मात्र नदीतल्या एका माशाचं नाव येत नाही. गावातल्या ओढ्याला आपण नाला म्हणायला लागलो तिथपासून हे सुरू झालं असं मला फार वाटतं. पुण्यात आंबिल ओढ्याच्या नावात अजून ओढा आहे, तेवढा तरी राहू द्या.

असो. मासे अभयारण्यातून, देवराईतून, देवाच्या कोंडीतून, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या डोहातून, आणायचे नाहीत. अभयारण्यातून तर काडीसुद्धा उचलायला कायद्याने बंदी आहे. झाडांचंही तसंच. आपल्याकडच्या ओढ्यांत क्रिप्टोकोरायनीसारखी सुंदर पाणवनस्पती खडकांच्या फटीत वाढते, ती उपटू नका, रोपवाटिकेत वाढवलेली घ्या. शक्य असेल तर मासेही पैदास केलेलेच घ्या. आणि टाकीतला मासा कंटाळा आला म्हणून नदीत, तळ्यात, विहिरीत कधीही सोडायचा नाही. दक्षिण अमेरिकेतला सकर मासा अशाच टाक्यांमधून सुटून आज आपल्या नद्या-धरणांत वाढतो आहे. पुन्हा सांगते, टाकीतला मासा बाहेर सोडायचा नाही, देशीसुद्धा नाही, कारण त्याच्याबरोबर रोग जातो.

दुसऱ्या जूनमध्ये मी झाकण बसवलं, जाळी लावली, आणि पुन्हा पावसाचं पाणी ओतलं. चौथ्या दिवशी काचेला पापणीच्या केसाएवढं काहीतरी चिकटलेलं दिसलं. भिंग घेतलं तर त्याला दोन डोळे होते. मोठ्यांनी खाऊ नये म्हणून वेगळ्या बरणीत काढलेल्यांपैकी अकरा पिल्लं वाढली.

कोकणात पाऊस पुण्याच्या काही दिवस आधी पोचतो. मामा आता ऐंशीच्या पुढे आहे, व्हाळापर्यंत जाता येत नाही त्याला. पण दर जूनमध्ये त्याचा फोन येतो. "हय पाऊस इलो गो. तुझ्या माशांका सांग." मी फोन ठेवते, झाकणाच्या कडा एकदा दाबून बघते आणि बादल्या घासायला घेते.

नमस्कार.