सूट आतून पाहावा

मित्रहो, शिंप्याच्या कामासाठी मराठीत दोन स्वतंत्र क्रियापदे आहेत, बेतणे आणि शिवणे, आणि आजच्या विषयाचा, म्हणजे चांगला सूट कसा ओळखावा याचा, निम्मा भाग या दोन शब्दांतच आलेला आहे. कापड अंगावर कसे बसेल याचा विचार करून ते खडूने आखणे आणि कापणे म्हणजे बेतणे. कापलेले तुकडे जोडणे म्हणजे शिवणे. शिवण उसवून पुन्हा घालता येते, पण चुकीचे बेतलेले कापड कितीही कसबी कारागिराला फारसे सावरता येत नाही. म्हणूनच लंडनच्या सॅव्हिल रोवर काय किंवा आपल्याकडच्या जुन्या दुकानांत काय, कात्री चालवणारा मास्टर वेगळा आणि सुई धरणारे कारागीर वेगळे, अशी कामाची वाटणी पूर्वीपासून चालत आली आहे.

सॅव्हिल रो ही लंडनच्या मेफेअर भागातली एक लहानशी गल्ली. १८०६ मध्ये सुरू झालेल्या हेन्री पूल या पेढीने १८४६ मध्ये आपले दार या गल्लीकडे उघडले आणि हळूहळू तिथे शिंप्यांची वस्तीच झाली. ‘बिस्पोक’, म्हणजे एकाच गिऱ्हाइकासाठी बेतून शिवलेला, हा शब्दही तिथे रुळलेला. ज्या थानासाठी गिऱ्हाईकाने शब्द दिला ते त्याचे झाले, अशी त्याची फोड तिथले शिंपी करतात. तिथल्या संघटनेच्या नियमाप्रमाणे दोन भागांच्या सुटावर हाताचे किमान ५० तास काम व्हावे लागते. मात्र २००८ मध्ये जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या ब्रिटिश संस्थेने असा निर्णय दिला की गिऱ्हाइकाच्या मापाने पण यंत्रावर शिवलेल्या सुटालाही हा शब्द लावायला हरकत नाही, आणि तेव्हापासून पाटीवरच्या शब्दावर भरवसा ठेवण्याची सोय राहिली नाही. सूट उलटा करून, आतून पाहणे हाच मार्ग उरतो.

मापाचा सूट आणि अंगाचा सूट यांत फरक आहे. दोन माणसांची छाती ४० इंच आणि कंबर ३४ इंच असू शकते. पण त्यांतला एक टेबलावर वाकून काम करून खांद्यांत पुढे झुकलेला असतो आणि दुसरा कवायत केल्यासारखा ताठ उभा राहतो. पहिल्याला पाठ लांब आणि पुढा आखूड लागतो, दुसऱ्याला नेमके उलटे. टेपला हे दिसत नाही, मास्टरच्या डोळ्याला दिसते. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा जवळजवळ अर्धा इंच उतरता आहे, हे मला चाळिशीत एका वृद्ध मास्टरांमुळे कळले. टेप गळ्यात तशीच ठेवून ते आधी पाच मिनिटे क्रिकेटवर बोलत राहिले. मला वाटले, म्हाताऱ्यांना गप्पांची हौस आहे. मग त्यांनी वही घेऊन बसलेल्या पोराला पहिले वाक्य सांगितले, ‘उजवा डाऊन लिही’, आणि त्यानंतर कुठे टेप उघडली. तयार पॅटर्नमध्ये मापाप्रमाणे फेरफार करून सूट कारखान्यात शिवून देणाऱ्या दुकानांत ही पाच मिनिटे मिळणे कठीण. त्या पद्धतीचे सूट वाईट असतात असे नाही, सरळ अंगयष्टीच्या माणसाला ते पुरतातही, पण त्यासाठी बिस्पोकचे पैसे मोजू नयेत.

आता मुंढ्याकडे, म्हणजे बाही जिथे कोटाला जोडतात त्या भोकाकडे येतो, कारण सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याविषयी आहे. मुंढा सैल आणि खोल असला म्हणजे हात मोकळा फिरतो, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात मुंढा जितका खाली, तितकी बाही कोटाच्या कुशीला खालपर्यंत जखडलेली. त्यामुळे हात वर केला की सगळा कोट वर ओढला जातो आणि कॉलर मानेपासून सुटते. मुंढा काखेच्या जवळ, वर बेतलेला असेल तर हात उचलला तरी कोट बराचसा जागच्या जागी राहतो. लोकलच्या कडीला धरतो तसा हात वर करून आरशात पाहिले की ही परीक्षा दहा सेकंदांत होते. खांद्याचेही असेच पाहावे. बाही आखूड करता येते, कंबर घेता येते, पण खांदा चुकला तर तो कोट घेऊ नये. नेपल्सच्या शिंप्यांनी खांद्यातले पॅडिंग जवळजवळ काढून टाकले आणि बाही शर्टासारखी जोडली. उकाड्याच्या शहरात रुळलेली ही पद्धत मुंबई-पणजीच्या माणसाला लंडनच्या भरीव खांद्यापेक्षा सोयीची आहे, असे माझे मत आहे.

कोटाचा जीव असतो तो वरचे कापड आणि अस्तर यांच्या मधल्या थरात. चांगल्या कोटात हा थर लोकर आणि घोड्याच्या केसांपासून विणलेल्या कॅनव्हासचा असतो, आणि तो शेकडो बारीक, तिरप्या टाक्यांनी हाताने धरलेला असतो. लॅपलचे, म्हणजे कॉलरखाली छातीवर बाहेर वळणाऱ्या पट्टीचे टाके घालताना कारागीर कापड बोटावर वळवून धरतो, त्यामुळे वळण कापडात कायमचे बसते आणि लॅपल इस्त्रीच्या कडक घडीसारखी न मोडता फुगीर वळते. स्वस्त कोटात कॅनव्हासऐवजी उष्णतेने चिकटणारे गोंदाचे कापड, म्हणजे फ्यूजिंग, लावतात. माझ्या लग्नाचा सूट असाच होता. दुकानदाराने तो ‘फुल कॅनव्हास’ म्हणून विकला होता. तिसऱ्यांदा ड्रायक्लीन होऊन आला तेव्हा छातीवर पापडासारखे फोड आले होते, कारण गोंद जागोजागी सुटला होता, आणि त्यावर इलाज नसतो. ही फसवणूक दुकानातच पकडता येते. सर्वांत खालच्या काजाखाली कोटाचे वरचे कापड एका हाताच्या चिमटीत आणि आतले कापड दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून हलकेच दूर करावे. मध्ये तिसरा, मोकळा थर बोटांना जाणवला तर कॅनव्हास आहे. न जाणवता वरचेच कापड पुठ्ठ्यासारखे जाड लागले तर फ्यूजिंग आहे. बाहीची बटणे उघडतात की नाही हे मात्र पाहत बसू नये, ती हल्ली तयार कोटांतही उघडतात.

कापडाविषयी थोडक्यात सांगतो. ‘सुपर १००’, ‘सुपर १५०’ हे आकडे लोकरीचा तंतू किती बारीक आहे एवढेच सांगतात. सुपर १०० चा तंतू सरासरी १८.७५ मायक्रॉनपर्यंतचा, सुपर १५० चा १६.२५ पर्यंतचा. तंतू बारीक तितके कापड मऊ, पण तितकेच नाजूक आणि चुरगळणारे. रोज वापरायच्या पहिल्या सुटाला सुपर १०० किंवा ११० पुरे. आपल्या हवेत पीळदार सुताचे, विरळ विणीचे, मीटरला २५० ते २८० ग्रॅम वजनाचे कापड घ्यावे आणि अस्तर पाठीत अर्धेच लावून घ्यावे, म्हणजे वारा खेळतो. लोकरीचा सूट आपल्याकडचा नव्हेच, असे म्हणणाऱ्यांनी ठाण्याची आठवण ठेवावी. तिथे रेमंडची लोकरीची गिरणी १९२५ मध्ये सुरू झाली होती.

शेवटी माया. शिवणीच्या आत जे जादा कापड राखतात त्याला आपले शिंपी माया म्हणतात, आणि इतका नेमका शब्द मला अन्य भाषांत आढळलेला नाही. कारखान्यातला कोट शिवताना कापड वाचवायचे असते, म्हणून माया बेताची ठेवतात. चांगला मास्टर पाठीच्या मधल्या शिवणीत, कुशीत आणि पँटच्या बैठकीत ती इंच-दीड इंच राखतो, म्हणून तो सूट पाच वर्षांनी पोट सुटल्यावरही उसवून वाढवता येतो. तेव्हा ऑर्डर देताना ‘माया किती ठेवणार?’ असे अवश्य विचारावे.

पहिली ट्रायल पांढऱ्या दोऱ्याच्या कच्च्या शिलाईवर होते, आणि त्या अवस्थेतला कोट पाहून लोक घाबरतात. घाबरू नये, तो पुन्हा उसवण्यासाठीच जोडलेला असतो. ट्रायलला जाताना सुटाबरोबर घालणार तेच बूट आणि तोच शर्ट घालावा, आणि खिशात रोजच्यासारखेच पाकीट, फोन आणि किल्ल्या ठेवाव्यात. मास्टर हे सगळे काढायला सांगतील. तेव्हा नम्रपणे नाही म्हणावे.