वांग्यातला सोमल मोजताना

(खानदेशातल्या एका गावी शेतकरी आणि विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सभा सुरू व्हायच्या आधी आबांनी माझ्या हातात एक रिपोर्ट दिला. त्यांच्या भरताच्या वांग्यापुढे लिहिलंय, आर्सेनिक ०.३, म्हणजे किलोला ०.३ मिलिग्रॅम. दोन रात्री त्यांना झोप नाही. म्हणून ठरवलेलं भाषण बाजूला ठेवतो आणि या ०.३ बद्दलच बोलतो.

आर्सेनिक म्हणजे आपल्या जुन्या माणसांच्या तोंडचा सोमल. पोथीतल्या चुकीवर हरताळ फासायचे ना, तो पिवळा हरताळही आर्सेनिक आणि गंधकाचाच. मूलद्रव्य एकच, पण त्याची रूपं अनेक आणि प्रत्येकाचं विष निराळं. मातीत मुख्यतः आर्सेनेट हे रूप असतं. ते फॉस्फेटसारखं असतं, त्यामुळे मुळांची फसगत होते. फॉस्फेट घ्यायच्या वाटेनेच ती त्यालाही आत घेतात. आत गेल्यावर झाड त्याचं आर्सेनाइट हे दुसरं रूप करतं आणि गंधक असलेल्या रेणूंना बांधून टाकतं. बरंचसं मुळातच अडकतं. म्हणून वांगं-टोमॅटोपेक्षा पालेभाजीत आणि मुळ्याच्या सालीत ते सहसा जास्त निघतं.

ही दोन्ही रूपं असेंद्रिय, म्हणजे कार्बनशी न जोडलेली. कर्करोगाची भीती खरी यांची. डीएमएसारखी (डायमिथाइल आर्सिनिक आम्ल) सेंद्रिय, म्हणजे कार्बनशी जोडलेली संयुगं त्यामानाने सौम्य, आणि मासळीतलं आर्सेनोबीटाइन तर जवळजवळ निरुपद्रवी. पण या ‘सेंद्रिय’चा सेंद्रिय शेतीशी काडीचा संबंध नाही, हे पोरांनो, वहीत लिहून घ्या. सेंद्रिय शेतातल्या मेथीतलं आर्सेनिकसुद्धा बहुतेक असेंद्रियच असतं.

मग कोणतं रूप किती, हे कळायचं कसं? एकूण आर्सेनिक हवं असेल तर भाजी तीव्र नायट्रिक आम्लात तापवून पार विरघळवतात. त्यात सगळी रूपं मोडून एक होतात. रूपं वेगळी हवी असतील तर हात हलका लागतो. भाजी गोठवून, गोठलेल्या स्थितीतच सुकवून दळायची, मग पाण्यात किंवा सौम्य आम्लात गरम करून अर्क काढायचा. इथे हयगय झाली तर आर्सेनाइटचं आर्सेनेट होऊन बसतं, आणि आपण भाजीतलं न मोजता आपल्याच निष्काळजीपणाचं मोजतो. तो अर्क एचपीएलसीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राच्या नळीतून सोडला की रूपं एकामागून एक बाहेर येतात. नेहमीच्या पद्धतीत आर्सेनाइट आधी, आर्सेनेट शेवटी. पुढे आयसीपी-एमएस, म्हणजे कण वस्तुमानानुसार मोजणारं यंत्र. त्यात ६,००० अंशांहून तप्त अशा आर्गॉन वायूच्या ज्योतीत रेणूंचे तुकडे होतात आणि यंत्र ७५ वस्तुमानाचे, म्हणजे आर्सेनिकचे, कण मोजतं.

आता रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांनी कान द्यावा. तुम्ही जे पोटॅश घालता, ते बहुतेक पोटॅशियम क्लोराइड. झाड त्यातलं क्लोरीनही घेतं. आर्गॉन ४० आणि क्लोरीन ३५, दोघं ज्योतीत जुळले की झाले ७५! यंत्राला तेही आर्सेनिकच वाटतं. वाटेत हेलियम सोडला की हे जोडकण त्याच्यावर जास्त आदळतात, त्यांचा जोर संपतो, आणि खरं आर्सेनिक पुढे जातं. ही काळजी घेतली होती का, हे रिपोर्ट देणाऱ्याला विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

दुसरी गोष्ट मातीची. हे वांगं जवळून बघा. देठाच्या टोपीखाली काळी माती बसली आहे. समजा, एक किलो मेथीत २० मायक्रोग्रॅम आर्सेनिक आहे आणि तुमच्या मातीत किलोला १० मिलिग्रॅम. मेथीला फक्त दोन ग्रॅम माती चिकटून राहिली की आकडा दुप्पट! मला स्वतःला सुरुवातीच्या काळात एका शेताची मेथी ‘वाईट’ वाटली होती. पुन्हा नीट धुऊन मोजली तेव्हा निम्म्याहून जास्त दोष चिखलाचा निघाला. त्या शेतकऱ्याला मी आधीच फोन करून बसलो होतो. ते अजून मला टोचतं.

पश्चिम बंगालात हे सगळं फार महागात कळलं. १९८०च्या दशकात तिथल्या कूपनलिकांच्या (बोअरच्या) पाण्यातलं आर्सेनिक उघडकीला आलं. तेच पाणी पिण्यात, तेच शेतात. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम. आपली जमीन तिथल्यासारखी गंगेच्या गाळाची नाही, पण म्हणून न मोजता निर्धास्त राहणंही मला पटत नाही.

तर आबा, तुमचा ०.३. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय, ‘कोरड्या वजनावर’. वांग्यात जवळपास ९२ टक्के पाणी. म्हणजे ताज्या वांग्यात किलोला साधारण ०.०२४ मिलिग्रॅम. त्यातलं असेंद्रिय किती, ते या कागदावरून कळत नाही. उद्या सकाळी शेताच्या चार कोपऱ्यांतली आणि मधली वांगी देठासकट तोडून ठेवा. त्याच झाडांच्या बुडाची माती आणि विहिरीचं बाटलीभर पाणीही द्या. वांगी धुऊ नका. धुतलेली आणि न धुतलेली, दोन्ही मला मोजायची आहेत.